आधी काय घडले? मुलांचे वाचन आणि घटनांचा क्रम

वसंतातल्या व्याख्यानांत राष्ट्र, धर्म, साहित्य असे मोठे विषय यावेत असा संकेत आहे. आजचा विषय दिसायला अगदी लहान आहे. तिसरी-चौथीतल्या मुलाने एखादा परिच्छेद वाचला, तर त्यात आधी काय घडले आणि नंतर काय घडले, हे त्याला कळते का? आणि कळत नसेल, तर ते शिकवायचे कसे? हा प्रश्न केवळ शाळेतला नाही, तो घराचा आणि शेताचाही आहे, एवढे जरी आज आपल्याला पटले तरी मला पुरे आहे.

वाशिम जिल्ह्यात खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन. पेरणीच्या आधी बियाण्यावर प्रक्रिया करावी लागते, आणि तिचा एक क्रम आहे. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी रायझोबियम हे जिवाणूसंवर्धक. हे जिवाणू जिवंत असतात. ते मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. ते आधी लावले आणि वरून बुरशीनाशक चोळले, तर औषधाने ते मरतात व सारी मेहनत वाया जाते. आता समजा, ज्या घरात वडिलांना वाचता येत नाही, अशा घरातल्या चौथीच्या मुलाने माहितीपत्रक वाचून दाखवले: ‘जिवाणूसंवर्धक लावण्यापूर्वी बियाण्यास बुरशीनाशक चोळावे.’ मुलाने प्रत्येक शब्द बरोबर वाचला. वडिलांनी विचारले, ‘मंग पह्यले काय लावू?’ मुलगा पत्रकाकडे पाहतो. तेथे पहिला शब्द ‘जिवाणूसंवर्धक’ आहे. तो म्हणतो, ‘जिवाणूसंवर्धक.’

हा मुलगा निरक्षर नाही. अक्षर, जोडाक्षर, शब्द, वाक्य या सर्व पायऱ्या त्याने चढल्या आहेत. त्याच्या हातून निसटली ती एकच गोष्ट. कागदावर जे आधी येते ते आधी घडतेच असे नाही, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

दोन क्रम

प्रत्येक मजकुरात दोन क्रम असतात. एक घडण्याचा क्रम आणि दुसरा सांगण्याचा क्रम. काही मजकुरांत हे दोन क्रम एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून चालतात, काहींत ते उलटसुलट होतात. वाचणाऱ्याला दोन्ही वेगवेगळे धरता आले पाहिजेत. शिकवायचे ते एवढेच आहे.

लहान मूल शाळेत येते तेव्हा गोष्ट सांगणे त्याला येत असते. आपल्या वऱ्हाडातले मूल कसे सांगते ते आठवून पाहा. ‘आमी वावरात गेलो, मंग तथी साप निंगाला, मंग बाबानं काठी आनली, मंग तो पयाला.’ हा ‘मंग’ फार गुणाचा शब्द आहे. तो घटनांना दोऱ्यात मण्यांसारखे ओवीत जातो. येथे सांगण्याचा क्रम आणि घडण्याचा क्रम एकच असतो. मूल पाच-सहा वर्षे याच दोऱ्यावर वाढलेले असते. मग पुस्तक त्याच्या हाती येते आणि पुस्तक म्हणते: ‘वडिलांनी काठी आणली तेव्हा साप बिळात शिरला होता.’ येथे दोरा तुटला. जे वाक्यात नंतर आले, ते आधी घडलेले आहे.

ही अडचण आपल्याच मुलांची आहे असे मात्र नाही. बालमनाचे अभ्यासक झां पियाजे यांनी 1946 साली मुलांच्या कालकल्पनेवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. लहान मुले काळ आणि अंतर यांची गल्लत करतात, असे त्यांना आढळले. दोन बाहुल्या एकाच वेळी निघून एकाच वेळी थांबल्या तरी जी पुढे पोचली ती जास्त वेळ चालली, असे मूल म्हणते. पुढे 1971 साली ईव्ह क्लार्क या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी तीन ते पाच वर्षांच्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलांना खेळणी दिली, आणि ‘आधी’ व ‘नंतर’ असे शब्द असलेली वाक्ये ऐकवून तसे करून दाखवण्यास सांगितले. वाक्यातला क्रम आणि घटनेचा क्रम एक होता तेथे मुलांनी बरोबर केले. जेथे तो उलटा होता तेथे पुष्कळांनी जे आधी ऐकले तेच आधी करून दाखवले. आपल्या सोयाबीनच्या पत्रकावर मुलाने केले ते हेच.

मुले मोठी झाली की बोलण्यातली ही अडचण बहुधा ओसरते. परंतु वाचनात ती पुन्हा डोके वर काढू शकते. बोलणाऱ्याचे हातवारे, आवाजाचा चढउतार, समोरची वस्तू यांतले काहीही कागदावर नसते, आणि अक्षरे जुळवण्यातच मुलाचे निम्मे बळ खर्ची पडलेले असते.

मराठीच्या खुणा

आता आपल्या भाषेकडे वळू. मराठीत क्रम दाखवणाऱ्या खुणा भरपूर आहेत, पण त्या सगळ्या एका स्वभावाच्या नाहीत. शिक्षकाने त्या वेगवेगळ्या ओळखल्या तर अर्धे काम झाले.

पहिला गट सरळ चालणाऱ्यांचा: मग, नंतर, ‘-ल्यावर’ आणि ‘-ऊन’. ‘जेवल्यावर झोपला’, ‘पाणी भरून घरी आली’. येथे आधीची क्रिया वाक्यातही आधी येते. मुलाला हे सोपे जाते. फक्त ‘-ऊन’ची एक खोडी लक्षात ठेवावी. ‘पाणी भरून आली’ यात दोन क्रिया एकामागून एक आहेत. ‘मान खाली घालून बसला’ यात मात्र एक क्रिया दुसरीच्या अंगाला चिकटलेली आहे, तेथे क्रम विचारू नये.

दुसरा गट उलट चालणाऱ्यांचा: ‘-आधी’, ‘-पूर्वी’, ‘-अगोदर’. ‘जेवण्याआधी हात धुतले.’ यात जेवण वाक्यात पहिले आणि घडण्यात दुसरे. इंग्रजीत हे वाक्य दोन्ही बाजूंनी फिरवता येते आणि तेथे धुणे सहज आधी आणता येते. मराठीच्या सहज ठेवणीत ‘-आधी’चा भाग पुढे आणि मुख्य क्रियापद शेवटी येते. म्हणजे आपल्या भाषेचे अगदी नेहमीचे वाक्यच मुलासाठी उलटे असते! यास्तव हा गट स्वतंत्रपणे आणि पुन्हा पुन्हा शिकवला पाहिजे.

तिसरी खूण क्रियापदात दडलेली असते. ‘गुरुजी वर्गात आले. मुलांनी फळा पुसला.’ आणि ‘गुरुजी वर्गात आले. मुलांनी फळा पुसला होता.’ एका ‘होता’ने क्रम फिरवला. पहिल्या जोडीत गुरुजी आधी आले, दुसऱ्या जोडीत फळा आधी पुसला गेला. मुलांचे डोळे या शेवटच्या दोन अक्षरांवरून सहज घसरतात, आणि बोट मात्र नेमके तेथेच थांबवायला हवे.

चौथा गट फसव्या शब्दांचा. ‘मी मागे आलो होतो’ म्हणजे पूर्वी आलो होतो, पण ‘मी मागाहून आलो’ म्हणजे नंतर आलो. शब्द एकाच मुळाचे, अर्थ विरुद्ध दिशांचे. ‘परवा’ तर दोन्हीकडे तोंड असलेला आहे. ‘परवा आला’ आणि ‘परवा येईल’ यांत फरक करायचा तो क्रियापदावरूनच. मराठीत निदान ‘काल’ आणि ‘उद्या’ वेगळे आहेत. ज्या मुलांच्या घरी उर्दू बोलली जाते, त्यांच्या ‘कल’मध्ये हे दोन्ही दिवस मावतात. कारंजा, मंगरूळपीर, वाशिम येथे अशी मुले आहेत, आणि मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून गोरबोली बोलणारी मुले शाळेत येतात. मुलाने ‘काल’ आणि ‘उद्या’ यांची अदलाबदल केली तर त्याला मंद म्हणण्यापूर्वी त्याच्या घरच्या भाषेत हे कसे म्हणतात, एवढे विचारून घ्यावे. बहुतेक वेळा विचार बरोबर असतो आणि शब्द तेवढा परका असतो.

‘क्रम लावा’ एवढ्याने भागते का?

येथे कोणी म्हणेल, हे आम्ही करतोच की! पाठ्यपुस्तकांत ‘घटनांचा योग्य क्रम लावा’ असा स्वाध्याय असतो. खरे आहे. पण हा स्वाध्याय बहुधा असा दिसतो: शाळेत गेलो, झोपेतून उठलो, दात घासले, डबा भरला. मूल हे झटकन लावते, कारण सकाळ कशी होते हे त्याला ठाऊकच आहे. त्याने वाक्ये वाचली पण मजकूर वाचला नाही. आपण त्याच्या अनुभवाची परीक्षा घेतली आणि वाचनाचे गुण दिले.

खरी परीक्षा घ्यायची तर असा उतारा हवा की ज्याचा क्रम केवळ अनुभवावरून सांगता येणार नाही, शब्दांवरूनच काढावा लागेल. एक लहानसा उतारा पाहू:

‘रामनवमीच्या यात्रेहून गणू दुपारी घरी परतला तेव्हा गोठ्यात ढवळ्या नव्हता. वडिलांनी त्याला सकाळीच बाजारात नेले होते. नेण्यापूर्वी आईने त्याला ओवाळले होते. संध्याकाळी वडील एकटेच परतले. गणू त्यांच्याशी बोलला नाही.’

वाक्ये पाच आहेत. सांगण्याचा क्रम गणूच्या परतण्यापासून सुरू होतो. घडण्याच्या क्रमात आईचे ओवाळणे, मग ढवळ्याचे जाणे, मग गणूचे परतणे, मग वडिलांचे येणे आणि शेवटी गणूचे न बोलणे. आता मुलांना विचारावे, गणू यात्रेला निघाला तेव्हा ढवळ्या गोठ्यात होता का? उताऱ्यात हे लिहिलेले नाही. पण ढवळ्याला नेताना गणू तेथे असता तर परतल्यावर त्याला रिकामा गोठा नवा वाटला नसता. तो आधीच गेलेला होता, त्याचा निरोपसुद्धा राहिला. हा क्रम ज्या मुलाला कळला त्यालाच गणू का बोलला नाही ते कळेल. न कळलेल्या मुलाला गणू उगाच रुसलेला दिसेल. म्हणजे घटनाक्रम हा केवळ व्याकरणाचा भाग नाही, दुसऱ्याचे दुःख समजण्याची वाटही त्यातूनच जाते.

शिकवावे कसे?

पहिली पायरी देहाची. मुलाला उठवून सांगावे, ‘खिडकी उघडण्याआधी टाळी वाजव.’ ज्याने आधी खिडकी उघडली, त्याला चूक म्हणू नये. तेच वाक्य फळ्यावर लिहावे आणि ‘आधी’खाली रेघ ओढून पुन्हा करून घ्यावे. हात-पाय जे शिकतात ते डोळे मागाहून शिकतात.

दुसरी पायरी दोन दोऱ्यांची. वर्गात दोन सुतळ्या बांधाव्यात. उताऱ्यातले प्रत्येक वाक्य दोन चिठ्ठ्यांवर लिहावे. वरच्या सुतळीवर चिठ्ठ्या पुस्तकातल्या क्रमाने लावाव्यात, खालच्या सुतळीवर घडल्याच्या क्रमाने. मग वरच्या चिठ्ठीपासून खालच्या त्याच चिठ्ठीपर्यंत दोरा ताणावा. दोरे सरळ उतरले तर दोन्ही क्रम एक, आणि एकमेकांना छेदून गेले तर लेखकाने क्रम फिरवला आहे. मग विचारावे, कोणत्या शब्दाने हे आपल्याला सांगितले? आणि लेखकाने का फिरवले असेल? या साधनाला खर्च काही नाही, आणि मुलाला जे मनात धरता येत नव्हते ते त्याच्या डोळ्यांसमोर टांगलेले राहते.

तिसरी पायरी गावाची. आपल्याकडच्या मुलाला विचारा, वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म कधी होते? उत्तर येते, ‘पूर्वी.’ बालाजीचे देऊळ कधी बांधले? ‘पूर्वी.’ इंग्रज कधी आले? ‘पूर्वी.’ हे ‘पूर्वी’ म्हणजे एक अंधारी कोठी आहे, तिच्यात सगळे एकमेकांवर पडलेले असते. या कोठीत दोरी बांधून द्यावी. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा काळ इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांतला. कारंजे हे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान, तो काळ चौदाव्या शतकातला. बालाजीचे देऊळ अठराव्या शतकातले. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. 1905 साली वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली आणि वाशिम जिल्हा मोडला. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम पुन्हा जिल्हा झाला.

या शेवटच्या वाक्यातला ‘पुन्हा’ मुलांना दाखवावा. त्या एका शब्दात 93 वर्षांपूर्वीची घटना लपलेली आहे. ‘वाशिम जिल्हा झाला’ असे वाचणाऱ्याला वाटेल की तो पहिल्यांदाच झाला. ‘पुन्हा’, ‘अजून’, ‘आता’, ‘अखेर’ हे असे शब्द आहेत की ज्यांच्या पाठीमागे एकेक न सांगितलेली घटना उभी असते. याच वाशिमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. त्यावर काळ दिला आहे तो राजाच्या कारकिर्दीचे 37 वे वर्ष असा. पण तो राजा कोणाच्या नंतर झाला हे ठरवल्यावाचून त्या 37 चा उपयोग नाही. विद्वानांनाही शेवटी सुतळीवर चिठ्ठ्याच लावाव्या लागतात!

घरी आजी असेल तर तिच्यासारखी शिक्षिका नाही. ती सन सांगणार नाही. ती सांगेल, ‘बाहत्तरच्या दुष्काळाच्या दुसऱ्या साली तुझ्या आत्याचं लगन झालं, अन् विहीर त्याच्या आधी खोदली.’ मुलाने हे ऐकून खालच्या सुतळीवर लावावे. घरचा इतिहास आणि वाचनाचा पाठ एकदमच होतो.

चौथी पायरी पुस्तकांची. ‘श्यामची आई’ हे पुस्तक साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात मोठा झालेला श्याम रात्री मित्रांना आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगतो. म्हणजे एक काळ सांगण्याचा आणि दुसरा घडण्याचा. कोणत्या वाक्यात आपण आश्रमातल्या रात्री आहोत आणि कोणत्या वाक्यात कोकणातल्या घरी, हे मुलांनी दोन रंगांनी दाखवावे. मोठ्या मुलांना लीळाचरित्राची हकिगतही सांगावी. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी जे पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन विचारले, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले, आणि एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध अशा क्रमाने लावले. माणसांच्या आठवणी कधीच क्रमाने येत नाहीत, त्या लावाव्या लागतात. आपल्या मराठी गद्याच्या आरंभीच्या या महान ग्रंथामागे हे क्रम लावण्याचे कष्ट आहेत.

एक सावधगिरी

क्रम शिकवताना एक धोका असतो. जे आधी घडले तेच पुढच्याचे कारण, असे मुले समजू लागतात. आपल्या पूर्वजांनी यावर उपाय करून ठेवला आहे: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. कावळा आधी बसला हे खरे, फांदी नंतर मोडली हेही खरे. म्हणून कावळ्याच्या भाराने फांदी मोडली असे ठरत नाही. तेव्हा ‘आधी काय?’ या प्रश्नाचे उत्तर पक्के झाल्यावरच ‘का?’ हा प्रश्न विचारावा, आणि दोन्ही उत्तरे वेगवेगळी लिहून घ्यावी. मांजर आडवे गेले आणि मग काम बिघडले, अशा समजुतींतून मूल बाहेर काढायचे तर त्याचा आरंभ येथे आहे.

श्रोतेहो, आपण मुलांना वाचायला शिकवतो ते परीक्षेसाठी नव्हे. उद्या याच मुलाला औषधाच्या पुडीवर ‘जेवणाआधी’ वाचायचे आहे. शेताच्या फेरफाराच्या नोंदी पाहून कोणाचे नाव कोणाच्या नंतर लागले हे समजून घ्यायचे आहे. कधी साक्षीला उभे राहून ‘आधी काय झाले?’ या प्रश्नाला खरे उत्तर द्यायचे आहे. ज्याला क्रम लावता येत नाही त्याच्यासाठी तो दुसरा कोणीतरी लावून देतो, आणि लावून देणारा दर वेळी आपल्या हिताचा असतोच असे नाही.

म्हणून येत्या जूनमध्ये, पेरणीच्या दिवसांत, घरातल्या मुलाला ते पत्रक वाचायला द्या. वाचून झाले की त्याला एवढेच विचारा, ‘बाळा, मंग पह्यले काय लावायचं?’ आणि त्याने उत्तर दिले की दुसरा प्रश्न विचारा, ‘कोन्त्या शब्दावरून कळलं?’ त्याने ‘पूर्वी’ या शब्दावर बोट ठेवले, की समजा, मूल खरोखर वाचायला लागले.